अमेरिकेतले लाकडी फळ्यांचे टोल रस्ते का टिकले नाहीत?

एका शब्दात: कुजले. न्यूयॉर्क राज्यात सिरॅक्यूस ते सेंट्रल स्क्वेअर हा तिथला पहिला असा रस्ता १८४६ साली झाला. कल्पना शेजारच्या कॅनडातली. जमिनीत लांब वासे बसवायचे, त्यांवर ८ फुटी, ३-४ इंच जाड फळ्या आडव्या टाकायच्या, बऱ्याचदा खिळेही न ठोकता! एरवी चिखलात रुतणारी शेतकऱ्याची घोडागाडी त्यावरून खडखडत सुसाट निघायची, त्यामुळे टोल द्यायला कुणी फारसं कुरकुरत नसे. हे रस्ते बांधणाऱ्या खासगी कंपन्यांचे शेअरही बरेचसे आसपासच्या शेतकरी-दुकानदारांनीच घेतलेले. फळ्या किमान ८ वर्षं टिकतील असा हिशेब होता. चार-पाच वर्षांतच त्यांचा भुगा व्हायला लागला आणि नव्या फळ्या घालायला टोलची कमाई पुरेना. मग बऱ्याच कंपन्यांनी रस्ते सरळ सोडून दिले.