गंजलेली कॉन्टेसा घ्यायची का?

भाऊ, तू घ्यायची म्हणतोस त्या गाडीचे फोटो पाहिले. गोठ्यामागं बाभळीखाली उभी कॉन्टेसा, हिंदुस्तान मोटर्सची ती जुनी कार, पाहून माझाही जीव हलला. पण बयाणा देऊ नको अजून.

इंजिन खोलून बांधता येतं. खरा प्रश्न पत्र्याचा. हिला जीपसारखी वेगळी चेसिस (खालचा लोखंडी सांगाडा) नाही, सगळा भार बॉडीच पेलते. म्हणून मॅट उचल, पेचकस घे आणि दाराखालचा पत्रा, डिक्कीचा तळ टोचून पाहा. टक्क वाजलं तर लोखंड शाबूत. भुसभुशीत लागून पेचकस आत गेला, तर थांब. रंग चकचकीत असेल तर चुंबक फिरव. चिकटला नाही तिथं पुट्टी भरलेली. यवतमाळकडून आणलेल्या माझ्या गाडीत मी हे पाहिलंच नव्हतं. घरी मॅट उचलली तर खालची काळी माती दिसली. दोन वर्षं नुसती वेल्डिंगमध्ये गेली, फार जिव्हारी लागलं ते.

काचा, क्रोमच्या पट्ट्या, मागचे दिवे जागेवर हवेत. उत्पादन २००२ साली थांबलं, हे सामान दुकानात सहज मिळत नाही.

आणि आरसी, म्हणजे गाडीच्या नोंदणीचा कागद! १५ वर्षांनंतर नोंदणी पाच-पाच वर्षांसाठी वाढवावी लागते. कागदच नसतील तर सोडून दे. जपानी इसुझू कंपनीच्या इंजिनवाली १.८ लिटरची असेल, तर मात्र मला फोन कर, मी येतो बघायला.