'लिप्टाउअर' या नावाचे कूळ

ऑस्ट्रियात पावाला लावून खातात त्या तांबूस रंगाच्या, मऊ चीजला 'लिप्टाउअर' म्हणतात. ही पाककृती ज्या घराण्याने प्रथम केली त्याचे हे आडनाव आहे का, आणि मराठीत हा शब्द कसा लिहावा, असे आपण विचारले आहे.

हे आडनाव नव्हे, प्रदेशाची खूण आहे. आजच्या स्लोव्हाकियाच्या उत्तर भागात, तात्रा पर्वतराजीच्या कुशीत, वाह नदीच्या खोऱ्यात 'लिप्तोव्ह' नावाचा प्रदेश आहे. 1918 पर्यंत तो हंगेरीच्या राज्यातला एक परगणा होता आणि हंगेरीच्या गादीवर ऑस्ट्रियाचेच हाब्सबुर्ग घराणे होते. या एकाच प्रदेशाला तीन भाषांत तीन नावे रूढ झाली : स्लोव्हाक भाषेत लिप्तोव्ह, हंगेरियनमध्ये लिप्तो आणि जर्मनमध्ये लिप्टाउ. या जर्मन नावाला '-अर' प्रत्यय लागला की 'लिप्टाउअर', म्हणजे 'लिप्टाउचा', असा शब्द होतो.

आपल्याला आडनावाची शंका आली ती मात्र अगदीच निराधार नाही, कारण जर्मनचा हा प्रत्यय माणसाला आणि वस्तूला सारखाच लागतो. 'वीनर' हा व्हिएन्नाचा रहिवासीही असतो आणि सॉसेजही. मराठीत आपण ही दोन कामे सहसा दोन प्रत्ययांत वाटून दिली आहेत. माणूस कोल्हापूरकर असतो आणि चप्पल कोल्हापुरी असते. पैठणचा माणूस पैठणकर, पण तिथली साडी पैठणी. त्यामुळे '-अर' प्रत्ययाचा शब्द ऐकला की मराठी कानाला त्यात '-कर' ऐकू यावा, हे स्वाभाविक आहे. खऱ्या अर्थाने 'लिप्तोव्हकर' म्हणता येईल असा शब्द वेगळाच आहे, तो म्हणजे 'लिप्ताक'. लिप्तोव्हच्या रहिवाशाला स्लोव्हाक भाषेत हेच म्हणतात आणि स्लोव्हाकिया व हंगेरी या दोन्ही देशांत ते आडनाव म्हणूनही आढळते.

हंगेरियन भाषेत हेच चीज 'लिप्तोई तूरो' होते. स्थळनामाला '-इ' लावून विशेषण करण्याची ही रीत आपल्या नागपुरी, सातारी या शब्दांशी इतकी जुळते की पहिल्यांदा लक्षात आले तेव्हा मी चकित झालो होतो. पण हंगेरियन ही आपल्या भाषाकुळातली भाषा नाही, तेव्हा हे साम्य योगायोगाचे मानावे. जर्मन शब्दाचे खरे साम्य 'पैठणी'शी आहे. मूळचे विशेषण इतके रुळले की पुढचे 'साडी' हे नाम गळून पडले आणि विशेषणच नाम झाले. 'लिप्टाउअर'च्या पुढचा चीज हा शब्दही तसाच गळाला.

आता पदार्थाकडे पाहिले तर त्याचे घराणे आणखी दूरवर पसरलेले दिसते. मूळ कृतीत मेंढीच्या दुधाचे 'ब्रिन्ड्झा' नावाचे चीज लोण्याबरोबर फेटून त्यात पाप्रिका (लाल मिरचीची पूड), शहाजिरे आणि बारीक चिरलेला कांदा घालतात. व्हिएन्नाकडे केपरच्या कळ्या आणि मोहरीची चटणीही घालतात, आणि ब्रिन्ड्झाऐवजी आपल्या चक्क्याच्या जवळ जाणारे क्वार्क वापरतात. यातला 'ब्रिन्ड्झा' हा शब्द स्लोव्हाक मातीतला नाही. रोमानियन भाषेत चीजला 'ब्रन्झा' म्हणतात आणि कार्पेथियन डोंगरांच्या रांगेने कळप घेऊन सरकत आलेल्या, रोमानियनच्या जवळच्या बोली बोलणाऱ्या व्लाख मेंढपाळांनी तो शब्द आणि ती कृती उत्तरेकडे आणली. पुढे 1787 मध्ये यान वागाच यांनी मध्य स्लोव्हाकियातील देत्वा येथे ब्रिन्ड्झाचा कारखाना काढला. युरोपीय संघाने 2008 मध्ये 'स्लोव्हेन्स्का ब्रिन्ड्झा' या नावाला भौगोलिक संरक्षण दिले. मेंढपाळांच्या अनेक पिढ्यांच्या हातून घडलेल्या अशा पदार्थाचे जनकत्व एका घराण्याला देता येणार नाही, असे माझे मत आहे.

तांबूस रंग देणाऱ्या पाप्रिकाच्या नावात तर आपलाच एक शब्द दडलेला आहे. संस्कृत 'पिप्पली', म्हणजे आपली पिंपळी, ग्रीकमध्ये 'पेपेरी' आणि लॅटिनमध्ये 'पिपेर' झाली. तिथून तो शब्द स्लाव्ह भाषांत गेला आणि मिऱ्याच्या 'पापर' या दक्षिण स्लाव्ह नावाला लघुत्वदर्शक प्रत्यय लागून 'पाप्रिका' तयार झाला. मिरची अमेरिकेतून आली, पण तिचे हे नाव पिंपळीच्या वंशातले आहे.

खुद्द स्लोव्हाकियात या पदार्थाला 'श्मिर्कास' असेही म्हणतात. तो शब्दही जर्मन 'श्मीर-केझं', म्हणजे 'फासायचे चीज', यावरून आलेला आहे, पण त्यात लिप्तोव्हचा उल्लेख नाही. मला हे फार बोलके वाटते. गावाचे नाव पदार्थाला बहुधा गावाबाहेर चिकटते. कोल्हापुरात मिसळ मागताना कोणी 'कोल्हापुरी मिसळ' म्हणत नाही.

लेखनाविषयी सांगायचे तर मराठीत 'लिप्टाउअर' असे लिहावे. ऑस्ट्रियन उच्चारात शेवटचा 'र' जवळजवळ ऐकू येत नाही, तरीही 'हॅम्बर्गर'मध्ये आपण तो प्रत्यय र-सह स्वीकारलेला असल्यामुळे इथेही तो ठेवणे सुसंगत ठरेल. 'चीज' आपण नपुंसकलिंगी मानतो, म्हणून 'ते लिप्टाउअर', 'लिप्टाउअरची चव' असा प्रयोग करावा.