पार्सल थंडगार आलं, पण औषध शाबूत आहे का?

प्रश्न : आईचं इन्सुलिन कुरिअरनं येतं. थर्माकोलचा डबा आणि आत दोन जेल पॅक. एका खेपेला पॅक पूर्ण वितळलेले होते, म्हणून घाबरून मी सगळं औषध फेकून दिलं. या खेपेला पॅक अगदी दगडासारखे कडक होते, त्यामुळे निर्धास्त होऊन कुप्या फ्रीजमध्ये ठेवल्या. मी बरोबर केलं ना?

उत्तर : ताई, तुम्ही काळजीपोटीच केलंत, पण मला भीती वाटते ती तुम्ही ठेवलेल्या खेपेची. फेकलेली खेप कदाचित वापरण्याजोगी होती. फ्रीजमधल्या त्या कुप्या आईला देण्याआधी औषधविक्रेत्याला फोन करा आणि पॅक कुप्यांना चिकटून होते का, हे आठवून सांगा.

न उघडलेलं इन्सुलिन 2 ते 8 अंश सेल्सिअसमध्ये ठेवायचं असतं. या दोन आकड्यांतला 8 सगळ्यांच्या लक्षात राहतो, 2 कुणाच्याच नाही. वापरात असलेली कुपी खोलीच्या तापमानाला, म्हणजे 25 ते 30 अंशांपर्यंत, साधारण 4 आठवडे चालते. प्रवासात काही तास कोमट झालं म्हणून ते लगेच वाया जात नाही. (उन्हात बंद उभ्या गाडीत तापलं असेल, तर गोष्ट वेगळी.) पण एकदा गोठलं की संपलं. इन्सुलिन हे प्रथिन आहे. गोठताना त्याची घडण बिघडते आणि वितळल्यावर ती परत जुळत नाही. कधी पांढरे कण दिसतात, कधी कुपी पहिल्यासारखीच नितळ दिसते. म्हणून नुसतं डोळ्यांनी बघून खात्री होत नाही. ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसींचंही असंच असतं, उदाहरणार्थ हिपॅटायटिस बी किंवा धनुर्वाताची लस.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. औषधांच्या गोदामात पॅकिंगच्या टेबलावर मी 14 वर्षं काढली. दुसऱ्याच वर्षी ऐन उन्हाळ्यात, माल तापेल या धास्तीनं मी −20 अंशांच्या फ्रीझरमधून काढलेले पॅक थेट कुप्यांना लावून डबे भरले. एका डब्यात चाचणीसाठी डेटा लॉगर, म्हणजे तापमानाची सतत नोंद ठेवणारं छोटं यंत्र, ठेवला होता. संध्याकाळी आलेख उघडला, तर पाऊण तासात रेघ शून्याखाली गेलेली, −3 ला टेकलेली आणि तीन तास तिथंच बसलेली. तसेच भरलेले बाकीचे डबे सकाळीच रवाना झाले होते. सगळे परत मागवले आणि सगळा माल नष्ट करावा लागला. त्यातलं एखादं पार्सल कुणाच्या घरी पोचलं असतं, तर तिथंही ते उघडून कुणीतरी ‘वा, अजून गार आहे’ असंच म्हटलं असतं.

तेव्हापासून पॅक फ्रीझरमधून काढला की आधी टेबलावर पसरून ठेवायचा. वरचा पांढरा हिमाचा थर जाऊन दव सुटलं पाहिजे. पाण्याचा पॅक कानाशी धरून हलवायचा. आत बर्फ सुटून पाणी खळखळल्याचा आवाज आला की तो 0 अंशाला आला. जेल पॅक वाजत नाही, त्याच्या कडा बोटानं दाबून मऊ झाल्या का ते बघायचं. जेल म्हणजे बहुतांश पाणीच, ते बर्फापेक्षा जास्त गार वगैरे काही नसतं. आणि एवढं करूनही पॅक आणि कुपी यांच्यात पुठ्ठा किंवा बबल शीट हवीच.

आता थर्माकोलबद्दल. तो गारवा तयार करत नाही, बाहेरची उष्णता आत येण्याचा वेग फक्त कमी करतो. त्यात सुमारे 98 टक्के हवा असते आणि अडवण्याचं काम ती कोंडलेली हवाच करते. समजा डबा आतून 20 सेंटिमीटर लांब-रुंद-उंच आहे, भिंत 3 सेंटिमीटर जाड आहे, बाहेर 35 अंश आहेत आणि आत 5 हवेत. अशा डब्यात 1 किलो बर्फ साधारण 8 तास पुरतो. भिंत दुप्पट जाड केली तरी वेळ दुप्पट होत नाही, 13 तासांच्या आसपास जातो, कारण डब्याचा बाहेरचा आकार वाढला की उष्णता घेणारी बाजूही वाढते. हा झाला कागदावरचा हिशेब. झाकण नीट बसलं नसेल, तर हे तास झपाट्यानं घटतात.

पाठवणाऱ्याला एक विचारा : 5 अंशांच्या आसपास वितळणारे पॅक वापरता का? त्यांत पाण्याऐवजी बहुतेक वेळा पॅराफिनच्या जातीचा पदार्थ असतो. तो 5-6 अंशांना वितळतो, त्यामुळे नीट तयार करून ठेवलेला असा पॅक औषधाला गोठवूच शकत नाही. महाग असतो, पण धुऊन पुन्हा पुन्हा वापरता येतो. आणि कुप्यांजवळ लॉगर किंवा गोठल्याची खूण दाखवणारी पट्टी ठेवायला सांगा. तो तुमचा हक्क आहे, संकोच करू नका.

प्रश्न : आइस्क्रीम पाठवताना ड्राय आइस घालतो. गारवा टिकावा म्हणून डब्याला चारी बाजूंनी चिकटपट्टी लावावी का?

उत्तर : मुळीच नाही. ड्राय आइस म्हणजे गोठवलेला कार्बन डायऑक्साइड, तो −78.5 अंशांना थेट वायू होतो. 1 किलोचा 500 लिटरहून जास्त कार्बन डायऑक्साइड बनतो. त्याला वाट मिळाली नाही, तर डबा फुटतो. झाकण नुसतं बसवा, हवाबंद करू नका. गाडीतून नेत असाल तर काचा खाली ठेवा, बंद गाडीत या वायूनं माणूस बेशुद्ध पडू शकतो. आतल्या डब्याचं प्लॅस्टिकही बघून घ्या. साधं पॉलिप्रोपिलीन इतक्या थंडीत ठिसूळ होतं आणि जरा आपटलं की तडकतं. पॉलिथिलीन चिवट राहतं.

प्रश्न : घरी थर्माकोलचे डबे साठलेत. परत वापरता येतील का?

उत्तर : येतील, पण आधी झाकणाची खाच तपासा. रिकाम्या डब्यात मोबाइलचा टॉर्च लावून ठेवा, झाकण लावा आणि खोलीत अंधार करा. कडेनं उजेडाची रेघ दिसली, तर तो डबा औषधासाठी नको. त्यात कोरडा खाऊ ठेवा, किंवा थर्माकोल घेणारा भंगारवाला असेल तर त्याला द्या. जाळू मात्र नका, धूर विषारी असतो.