पाखाडी चढून आलेल्या बाईचा रक्तदाब

प्रिय सिस्टर,

अनेक आशीर्वाद. उपकेंद्रावर रुजू झाल्यापासून रजिस्टरचे रकाने भरण्यातच दिवस जातो, असे तू लिहिले आहेस. रकाने भरावेच लागतात. परंतु गरोदर मातेच्या तपासणीत सुटा आकडा फार थोडे सांगतो, तो तिच्याच मागच्या आकड्याशेजारी ठेवून वाचावा लागतो. आज मुख्यतः याच विषयी लिहिते.

रक्तदाबापासून सुरुवात करते. आपल्याकडील खालच्या वाडीतली बाई पाखाडी चढून, धापा टाकत दारात येते, आणि गर्दी असली की तिला तशीच बसवून पट्टा बांधला जातो. असे करू नकोस. तिला किमान पाच मिनिटे पाठ टेकून, पाय जमिनीवर ठेवून बसू दे, दंड हृदयाच्या पातळीवर आधारून ठेव, आणि मोजताना तिच्याशी बोलू नकोस. दंड जाड असेल तर मोठा पट्टा वापर, कारण लहान पट्ट्याने रक्तदाब खोटाच वाढलेला दिसतो. १४०/९० किंवा त्याहून अधिक आला तर चार तासांनी पुन्हा मोजायचा. १६०/११० वर गेला, किंवा वाढलेल्या दाबासोबत डोके सतत दुखत असेल, डोळ्यांपुढे अंधारी येत असेल, पोटाच्या वरच्या भागात दुखत असेल, तर चार तासांची वाट न पाहता पुढे पाठवायचे.

मात्र मला अधिक काळजी वाटते ती मर्यादेच्या आत राहणाऱ्या बाईची. गरोदरपणाच्या मध्यावर रक्तदाब स्वाभाविकपणे थोडा उतरतो, म्हणून पहिल्या बारा आठवड्यांतील नोंद मोलाची असते. तेव्हा १००/६० असलेल्या बाईचा तिसाव्या आठवड्यात १३०/८४ आला, तर तक्ता तिला ठीक म्हणेल. तू मात्र तिची लघवी त्याच दिवशी अल्ब्युमिनसाठी (लघवीतून जाणाऱ्या प्रथिनासाठी) तपास आणि पुढची भेट महिन्याने न ठेवता आठवड्यावर आण. लघवीचा नमुना मधल्या धारेचा घ्यावा, नाहीतर अंगावरून जाणारे पांढरे त्यात मिसळून निष्कर्ष चुकतो. लावणीत दिवसभर उभी राहिलेल्या बाईच्या पायांना संध्याकाळी सूज येणे नवे नाही, पण सकाळी उठल्यावर चेहरा सुजलेला असेल किंवा हातातल्या बांगड्या रुतू लागल्या असतील, तर ती सूज वेगळी समजावी. (सुकी मासळी आणि मीठ बंद करायला सांगून गरोदरपणातला हा रक्तदाबाचा आजार, म्हणजे प्री-एक्लॅम्पसिया, टळत नाही, त्यावर शब्द खर्च करू नकोस.)

हे सारे ज्या आठवड्यांच्या हिशोबावर उभे आहे, तो हिशोब पाळीच्या तारखेपासून सुरू होतो. बायका तारीख सांगत नाहीत, ‘शिमग्याच्या आधी’ किंवा ‘गौरी गेल्यावर’ असे सांगतात, आणि सण दर वर्षी सरकतात; तेव्हा त्याच वर्षाचे कॅलेंडर पुढे घेऊन दिवस नक्की कर आणि त्यात नऊ महिने सात दिवस मिळव. पाळी अनियमित असेल, किंवा अंगावर पाजत असताना पाळी न येताच दिवस राहिले असतील, तर लवकरची सोनोग्राफी करून घेणे हाच उपाय. मागील गर्भपात किंवा मृत जन्म यांविषयी सासूबाईंना बाहेर बसवूनच विचारावे.

हिमोग्लोबिन ११ च्या खाली असेल तर रक्तक्षय, आणि ७ च्या खाली असेल तर रुग्णालय, हे तुला पाठ आहे. लोहाच्या गोळ्या सुरू करून महिना झाला की पुन्हा तपास. एक ग्रॅमसुद्धा वाढ नसेल तर डॉक्टरांकडे पाठव. त्याआधी ‘गोळ्या घेता ना?’ असे न विचारता पाकीट दाखवायला सांग. शौच काळी होते हे आधी सांगितले नसेल तर अनेक जणी घाबरून गोळ्या सोडतात, आणि काही जणी जेवणानंतरच्या चहासोबत किंवा कॅल्शियमसोबतच त्या घेतात, मग लोह अंगी लागत नाही.

आपल्याकडील खरी अडचण माहेरपणाची आहे. मुंबईत नाव नोंदवलेली मुलगी सातव्या-आठव्या महिन्यात येते आणि तिची फाइल तिकडेच राहते, म्हणजे ज्या आकड्यांशी तुलना करायची तेच आपल्याजवळ नसतात. पतीला फोन करून प्रत्येक कागदाचा फोटो मागव आणि जुने आकडे कार्डावर उतरवून घे. पावसाळ्यात तिला ताप आला तर पॅरासिटामॉल देऊन घरी धाडू नकोस. मलेरिया आणि लेप्टोस्पायरोसिस, दोन्हींचा विचार झाला पाहिजे. शेवटच्या महिन्यांत रक्तस्राव झाल्यास आतून तपासणी कदापि करायची नाही, कारण वार खाली, गर्भाशयाच्या तोंडाशी असू शकते.

दिवस भरत आले की आशाताईंना सोबत घेऊन घरी जा. रस्त्यापर्यंत तिला उचलून कोण आणील, १०२ किंवा १०८ ची गाडी कुठवर येते, साकव पाण्याखाली गेला तर दुसरी वाट कोणती, हे घरच्यांकडून बोलून घे. वाट भरवशाची नसेल तर शेवटचे आठवडे रुग्णालयाजवळच्या नातेवाइकांकडे राहण्याचे आधीच ठरवावे. आणि पुढे पाठवताना चिठ्ठीवर केवळ ‘रक्तदाब वाढलेला’ असे न लिहिता मागचे तीन रक्तदाब तारखांसह, लघवीचा निष्कर्ष, दिलेले औषध व ते दिल्याची वेळ लिही.

तुझी,
ताई