जुनी लेन्स, नवा कॅमेरा: आधी मिलिमीटर मोजा

या वेळच्या पत्रांमध्ये जुन्या मॅन्युअल लेन्सचेच प्रश्न जास्त आहेत, म्हणून हा सगळा अंक त्यांनाच दिला आहे. पहिल्या पत्राला सगळ्यात जास्त जागा गेली, कारण ते उत्तर नीट कळलं की बाकीची निम्मी कोडी आपोआप सुटतात.

वडिलांच्या कपाटात त्यांच्या पेंटॅक्सची ५० मिमी एफ/१.४ टाकुमार लेन्स सापडली. माझ्याकडे निकॉनचा डीएसएलआर आहे. आट्यांच्या लेन्ससाठी मिळते ती पातळ रिंग आणून लावली. ताई, समोर बसलेल्या माणसाचा फोटो झकास येतो, पण लांबचं झाड किंवा इमारत काही केल्या फोकस होत नाही. लेन्स बिघडली असेल का?

लेन्स अगदी ठणठणीत आहे, ती काळजी आधी मनातून काढा. अडचण आहे ती एका मिलिमीटरची.

कॅमेऱ्याची जी कडा लेन्सला टेकते, तिथपासून सेन्सरपर्यंतचं अंतर प्रत्येक माउंटला (लेन्स कॅमेऱ्यात बसते त्या जोडाला) ठरलेलं असतं. तुमची टाकुमार एम ४२ या आट्यांच्या माउंटची आहे. हे माउंट १९४९ पासून चालत आलं आणि त्याचं अंतर ४५.४६ मिमी आहे. निकॉनच्या एफ माउंटचं अंतर ४६.५ मिमी. म्हणजे तुमची रिंग कागदाइतकी पातळ असती तरी लेन्स सेन्सरपासून १.०४ मिमी लांबच राहिली असती. लांबचं दृश्य फोकस करायचं तर लेन्सला सेन्सरच्या जवळ यावं लागतं. तुमची लेन्स तिच्या जागेपर्यंत पोचतच नाही.

पुढचा हिशेब तुम्हाला घरी करता येईल. लेन्सच्या फोकल लेंग्थचा (लेन्सवरचा मिमीतला आकडा) वर्ग करा आणि त्याला त्या जादा अंतराने भागा. ५० चा वर्ग २५००, भागिले १.०४, म्हणजे साधारण २४०० मिमी. तुमची लेन्स अडीच मीटरच्या आसपास येऊन थांबणार, त्यापलीकडे नाही. याच रिंगवर १३५ मिमी लेन्स लावलीत तर ती साडेसतरा मीटरपर्यंत जाईल. अनेकांना वाटतं की टेली, म्हणजे अशी लांब फोकल लेंग्थची लेन्स, चालते म्हणजे रिंग बरोबर आहे. तिथेही तोच एक मिलिमीटर कमी पडत असतो, फक्त लवकर जाणवत नाही.

मग आजकाल जुन्या लेन्स इतक्या का चालतात? मिररलेस कॅमेऱ्यांमुळे. डीएसएलआरच्या आत असतो तो आरसा गेला आणि हे अंतर एकदम निम्म्याहून कमी झालं. सोनी ई १८ मिमी, निकॉन झेड १६, कॅनन आरएफ २०, फुजी एक्स १७.७. एम ४२ ची लेन्स सोनीवर लावायची तर मधे सुमारे साडेसत्तावीस मिलिमीटरची नळी बसते, आणि त्या नळीत हवेशिवाय काही नसतं. काच नाही, म्हणून लेन्सचं काही बिघडत नाही. जवळजवळ कुठल्याही जुन्या एसएलआर लेन्सला अशी जागा मिळते. कॅननची एफडी ४२ मिमीची, मिनोल्टाची ४३.५, ऑलिंपस ओएम ४६, लायका आर ४७.

डीएसएलआरमध्ये मात्र बघूनच घ्यावं लागतं. कॅननचं ईएफ माउंट ४४ मिमीचं, त्यामुळे तिथे एम ४२ ला दीड मिलिमीटर जागा मिळते. फक्त मोठ्या सेन्सरच्या बॉडीत काही लेन्सची मागची काच आरशाला लागते, तेव्हा इन्फिनिटीकडे (सगळ्यात लांबच्या फोकसकडे) रिंग फिरवताना जपून. पेंटॅक्सने १९७५ मध्ये आटे सोडून के माउंट आणलं, पण अंतर तेच ठेवलं, ४५.४६. त्यांचा ॲडॅप्टर (जोडरिंग) माउंटच्या आत बसतो आणि लेन्स पहिल्यासारखी इन्फिनिटीपर्यंत जाते. आपल्या जुन्या ग्राहकांचा इतका विचार करणारा दुसरा निर्णय मला या क्षेत्रात पटकन आठवत नाही.

आता तुम्ही काय करावं? निकॉनसाठी मधे काच घातलेले ॲडॅप्टरही मिळतात, ते इन्फिनिटी देतात. घेऊ नका. त्या छोट्या काचेतून एफ/१.४ चा, म्हणजे लेन्स पूर्ण उघडी ठेवून काढलेला, फोटो दुधट आणि कडेला मऊ येतो, आणि ज्यासाठी ही लेन्स वापरायची तेच हरवतं. आहे तीच रिंग ठेवा आणि माणसांचे, हातांचे, फुलांचे फोटो काढा. अडीच मीटरच्या आतच ही लेन्स सगळ्यात सुंदर दिसते. तुमची बॉडी निकॉनच्या सुरुवातीच्या श्रेणीतली असेल, तर अशा लेन्सवर ती एक्स्पोजर मोजणार नाही. एम (मॅन्युअल) मोडवर ठेवा, एक फोटो काढा, हिस्टोग्राम (उजेडाचा आलेख) बघा, मग शटरचा वेग बदला. पुढे कधी मिररलेस घेतलात की हीच लेन्स डोंगरही दाखवील.

मिररलेसवर ॲडॅप्टर लावला, पण शटरच दाबला जात नाही. लेन्स नाही असा संदेश येतो.

ॲडॅप्टरमध्ये विजेचे संपर्क नसतात, त्यामुळे कॅमेऱ्याला समोर काही लावलंय हेच कळत नाही. मेनूमध्ये लेन्सशिवाय शटर चालू देण्याचा पर्याय असतो (सोनीत ‘रिलीज विदाउट लेन्स’, फुजीत ‘शूट विदाउट लेन्स’), तो चालू करा. मोड ए ठेवा. ॲपर्चर (लेन्समधल्या पात्यांचं लहानमोठं होणारं छिद्र) तुम्ही लेन्सवर बदलायचं, शटर कॅमेरा ठरवेल. फोटोच्या माहितीत ॲपर्चरचा आकडा येणार नाही, हवा असेल तर वहीत लिहून ठेवा.

कॅननची न्यू एफडी ५० मिमी घेतली. ॲपर्चर रिंग फिरते, टकटक आवाजही येतो, पण फोटोत फरक शून्य. पाती चिकटली असं दुकानदार म्हणतो.

खोलायला देण्याआधी ॲडॅप्टरकडे बघा. एफडी लेन्स मूळ कॅमेऱ्यावर फोटो काढण्याच्या क्षणापर्यंत पूर्ण उघडी राहायची. पाती मिटवण्यासाठी तिच्या मागे एक छोटा दांडा आहे आणि तो बॉडी ढकलायची. आता हे काम ॲडॅप्टरवरच्या फिरत्या रिंगने करायचं असतं. त्या रिंगवर ‘ओपन’ आणि ‘लॉक’ असं कोरलेलं असतं. रिंग ओपनला ठेवून लेन्स बसवा, मग लॉककडे फिरवा. रिंग आधीच लॉकला असताना लेन्स घातली, तर आतली पिन दांड्याच्या चुकीच्या बाजूला जाते आणि तुम्ही सांगता तसंच होतं. लेन्सची रिंग ‘ए’ वरही ठेवू नका, आकड्यांवर ठेवा. नंतर समोरून आत बघत ५.६, ८, ११ असं फिरवा. पाती हलताना दिसली की काम झालं. एवढं करूनही हलली नाहीत, तरच पात्यांवर तेल उतरलंय असं समजा.

एम ४२ च्या लेन्सवर हेच काम मागची एक बारीक पिन करते. टाकुमारवर ऑटो आणि मॅन्युअल असा खटका असतो, तो मॅन्युअलला ठेवला की झालं. असा खटका नसलेल्या लेन्ससाठी पिन दाबून धरणारी आतली कड असलेला ॲडॅप्टर मागून घ्या.

हेलिऑस ४४-२ वर ॲपर्चरच्या दोन रिंगा का आहेत?

एक मर्यादा ठरवते, दुसरी त्या मर्यादेपर्यंत उघडझाप करते. आकड्यांची रिंग ५.६ वर ठेवा. आता दुसरी रिंग २ पासून ५.६ पर्यंतच फिरेल. उघडून फोकस करा आणि डोळा न काढता रिंग अडेपर्यंत फिरवा. ही ५८ मिमी एफ/२ लेन्स झाइसच्या बायोटारच्या रचनेवर बेतलेली आहे. पाठीमागे झाडी आणि पानांतून उजेड असेल तर मागची पार्श्वभूमी गोल फिरल्यासारखी दिसते. ते हवं असेल तर उघडीच ठेवा. नको असेल तर ५.६ ला लेन्स एकदम शांत होते.

फोकस पीकिंगच्या (फोकसमधल्या कडा रंगवून दाखवणाऱ्या सोयीच्या) लाल रेषा डोळ्यांवर दिसतात, तरी एफ/१.४ ला निम्मे फोटो हुकतात. माझी नजर कमी पडते का?

नजरेचा दोष नाही. पीकिंगवर तुम्ही गरजेपेक्षा जास्त विश्वास ठेवताय. पीकिंग फक्त जिथे कॉन्ट्रास्ट (उजेड-अंधाराचा फरक) जास्त तिथे रंग भरतं. भुवया, चष्म्याची काडी, केसांची कड यांवर ते आधी उमटतं, आणि डोळा त्यांच्यामागे असतो. पूर्ण फ्रेमच्या सेन्सरवर ५० मिमी, एफ/१.४ आणि एक मीटर अंतर असेल, तर स्पष्टतेचा पट्टा सगळा मिळून जेमतेम तीन सेंटिमीटरचा असतो. लाल रेषांचा पट्टा पडद्यावर त्याहून रुंद दिसतो.

मी असं करते. मॅग्निफाय हे काम अंगठ्याखालच्या बटणाला देते. चौकट डोळ्यावर नेते आणि पडदा मोठा करते. मग फोकस रिंग मुद्दाम थोडी पुढे नेते, पापण्या तीक्ष्ण होऊन पुन्हा मऊ पडू देते आणि मग मागे आणते. दोन्ही बाजूंचा मऊपणा बघितल्याशिवाय मधला टोकाचा बिंदू सापडत नाही. त्यानंतर रिंगला हात न लावता, श्वास रोखून, स्वतः किंचित पुढेमागे होत दोन-तीन फोटो. माणूस बोलत असेल तर वाक्य संपण्याची वाट बघते, तेव्हा मान स्थिर होते.

एफ/५.६ किंवा ८ ला चालताफिरता फोटो काढायचे असतील, तेव्हा पीकिंग उत्तम. आणि फोकस ज्या ॲपर्चरला फोटो काढायचा त्याच ॲपर्चरला करा. काही वेगवान लेन्समध्ये ॲपर्चर मिटवलं की फोकसची जागा सरकते. मिररलेसचा पडदा स्वतःच उजळतो, तेव्हा आधी उघडून मग मिटवण्याची सक्ती आता उरलेली नाही.

कॅमेऱ्यात स्टॅबिलायझेशन (हात हलला तर सेन्सर हलवून सावरणारी सोय) आहे, त्यासाठी मेनूत फोकल लेंग्थ भरावी लागते. एपीएस-सी (छोट्या सेन्सरच्या) बॉडीवर १३५ मिमी लेन्स लावली तर १३५ भरायचं की दीडपट करून २०२?

१३५. लेन्सवर कोरलेला आकडाच भरा, सेन्सर किती मोठा आहे ते कॅमेऱ्याला ठाऊक आहे. मधे ०.७१ पटीचा फोकल रिड्यूसर (फोकल लेंग्थ कमी करणारा काचेचा ॲडॅप्टर) असेल तर मात्र ९६. लेन्स बदलली की आकडा बदलायचा, हे अंगवळणी पाडा, नाहीतर कॅमेरा चुकीच्या हिशेबाने सेन्सर हलवत राहतो आणि फोटो आणखी हलतो.

आमच्या टाकुमारची काच चहासारखी पिवळी झालीय. किरणोत्सर्गी आहे असं कुणी म्हणालं. घरात ठेवू की नको?

ठेवा. ५० मिमी एफ/१.४ टाकुमारच्या सात भिंगांच्या आवृत्तीत मागच्या बाजूच्या काचेत थोरियम आहे. काचेचा वक्रीभवनांक वाढावा म्हणून तेव्हा ते घालत असत. सुरुवातीच्या आठ भिंगांच्या आवृत्तीत ते नाही. वर्षानुवर्षांच्या किरणोत्सर्गाने काचेतच पिवळेपणा येतो, त्यामुळे पुसून तो जाणार नाही. कॅमेऱ्यावर लावून वापरायला काहीच हरकत नाही. फक्त ती काच कधी घासायची नाही, आणि लेन्स भिंगासारखी डोळ्याला लावून बसायचं नाही.

पिवळेपणा अतिनील प्रकाशाने उतरतो. मागचं झाकण काढून लेन्सची ती बाजू छोट्या यूव्ही एलईडी दिव्याखाली ठेवा, काही दिवसांत फरक दिसतो. दिवा चालू असताना त्याकडे बघू नका. अनेकजण उन्हात ठेवतात. तेही चालतं, पण मोठ्या ॲपर्चरची लेन्स ऊन एका बिंदूवर गोळा करते आणि खालचं कापड पेट घेऊ शकतं, म्हणून माझा कौल दिव्याला. तोपर्यंत व्हाइट बॅलन्स बदलून फोटो काढत राहा.

लेन्समध्ये कोळ्याच्या जाळ्यासारखे धागे आहेत. चालेल?

ती बुरशी. कडेला एखादा धागा असेल तर फोटोत दिसणारही नाही. मधोमध जाळं असेल तर कॉन्ट्रास्ट जातो. आणि बुरशी काचेवरचं कोटिंग खाते, तो भाग साफ करूनही परत येत नाही. घेण्यापूर्वी ॲपर्चर पूर्ण उघडा, मागून मोबाइलचा टॉर्च तिरका धरा आणि समोरून बघा. घरातल्या लेन्समध्ये सापडली, तर साफ होईपर्यंत ती वेगळ्या डब्यात, सिलिका जेलसोबत.

खिडकीसमोर फोटो काढला की सगळा फोटो पांढुरका होतो. जुन्या लेन्सचं कोटिंग असंच असतं का?

थोडंफार. पेंटॅक्सने १९७१ मध्ये बहुपदरी कोटिंग आणलं, त्याआधीची सुपर टाकुमार एकपदरी आहे आणि समोरच्या उजेडाला ती लवकर हार मानते. पण ‘सगळा फोटो’ म्हणताय, म्हणून आधी ॲडॅप्टरच्या नळीवर संशय घ्या. कॅमेरा बाजूला ठेवा, फक्त ॲडॅप्टर लावलेली लेन्स खिडकीकडे धरा आणि मागून तिरकं आत बघा. नळीची भिंत चकाकताना दिसली, तर चोर सापडला. तुमचा सेन्सर छोटा असेल तर हे जास्त होतं, कारण लेन्स पूर्ण ३५ मिमी फ्रेमएवढा उजेड आत सोडते आणि सेन्सरला न लागणारा सगळा उजेड त्या भिंतीवर आपटतो.

भिंतीला आतून मॅट काळा रंग द्या किंवा चिकट पाठीचा काळा मखमली कागद लावा. कागद असेल तर कडा नीट दाबा आणि ब्लोअरने फुंकून घ्या, नाहीतर त्याचे तंतू सेन्सरवर जातात. ॲपर्चरची पिन किंवा दांडा फिरतो ती जागा मोकळी सोडा. शिवाय लेन्सला हूड लावा. तुमची लेन्सही ५० मिमी एफ/१.४ टाकुमार असेल, तर पुढचे आटे ४९ मिमीचे असतात, त्या मापाचा रबरी हूड पुरतो. नंतर त्याच खिडकीसमोर, त्याच वेळी, हूड लावून आणि काढून असे दोन फोटो काढा आणि मला पाठवा. तरीही पांढुरकेपणा राहिला, तर आतल्या काचेवर धुरकट थर चढला आहे का ते टॉर्चने बघू.