क्रूर गुन्ह्यांत फाशी झाली म्हणजे पीडितांना पुरेसा न्याय मिळतो का?

नाही, असं माझं मत आहे. गुन्हेगाराची दया येते म्हणून नव्हे, तर फाशीची खटल्यातली वाट आणि पीडित कुटुंबाची गरज यांचा मेळ बसत नाही म्हणून.

सत्र न्यायालयाने फाशी ठोठावली की बातमीत ‘अखेर न्याय’ असं छापून येतं. कायद्याच्या दृष्टीने ती शिक्षा अजून अंमलात येण्याजोगी झालेलीच नसते. भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 407 प्रमाणे (जुन्या फौजदारी प्रक्रिया संहितेतलं 366) उच्च न्यायालयाने ती कायम करावी लागते, आणि तिथे सगळा पुरावा पुन्हा तपासला जातो. पुढे सर्वोच्च न्यायालयात अपील, मग फेरविचार याचिका. तीही 2014 च्या निकालापासून तीन न्यायमूर्तींसमोर खुल्या न्यायालयात ऐकली जाते. त्यानंतर क्युरेटिव्ह याचिका (फेरविचार फेटाळल्यावर त्याच न्यायालयात करायची शेवटची याचिका), राज्यपालांकडे आणि राष्ट्रपतींकडे दयेचा अर्ज. तो फेटाळल्याचं कळवल्यावरही फाशीआधी किमान 14 दिवस द्यावे लागतात. नव्या संहितेच्या कलम 472 ने दयेचा अर्ज करायला 30 दिवसांची मुदत घातली आहे, पण राष्ट्रपतींनी तो किती दिवसांत निकाली काढायचा याला मुदत नाही. या पायऱ्या गाळाव्यात असं मी म्हणणार नाही. माणूस मेल्यावर निकाल दुरुस्त होत नाही, म्हणून त्या हव्यातच. पण त्यांची किंमत पीडितांचे नातेवाईक मोजतात. निर्भया प्रकरण जलदगती न्यायालयात चाललं, सगळ्या देशाचं लक्ष होतं, तरी डिसेंबर 2012 चा गुन्हा आणि 20 मार्च 2020 ची फाशी यांत सव्वासात वर्षं गेली. शेवटच्या तीन महिन्यांत तर फाशीची तारीख तीनदा ठरून पुढे ढकलली गेली. त्या आईवडिलांनी प्रत्येक तारखेला काय सोसलं असेल!

आणि एवढं थांबूनही फाशी होईलच असं नाही. कोल्हापूरच्या बालहत्याकांडात सर्वोच्च न्यायालयाने 2006 मध्ये फाशी कायम केली होती. दयेच्या अर्जावर सरकारी यंत्रणेने सात वर्षांहून जास्त वेळ लावला, म्हणून मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी 2022 मध्ये ती जन्मठेपेत बदलली. पुण्यातल्या 2007 च्या कॉल सेंटर कर्मचारी तरुणीच्या बलात्कार आणि खून खटल्यात दयेचा अर्ज फेटाळल्यावरही फाशीचं वॉरंट निघायला उशीर झाला. त्यामुळे तिथेही फाशी रद्द होऊन 35 वर्षांची कैद झाली.

माझ्या मते खरा न्याय हुकतो तो मात्र याच्या कितीतरी आधी, पहिल्या काही दिवसांत. दिल्लीतलं छावला प्रकरण बघा, 2012 मधल्या एका तरुणीच्या अपहरण, बलात्कार आणि खुनाचं. तिघांना सत्र न्यायालयाने फाशी दिली, उच्च न्यायालयाने कायम केली, आणि नोव्हेंबर 2022 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिघांनाही निर्दोष सोडलं. डीएनएचे नमुने 14 आणि 16 फेब्रुवारी 2012 ला घेतले आणि प्रयोगशाळेत पाठवले 27 ला. मधले दिवस ते पोलीस ठाण्याच्या मुद्देमाल खोलीत पडून होते, त्यामुळे त्यांत फेरफार झाला नसेल याची खात्री देता येईना. आरोपींची ओळख परेडही झाली नव्हती. त्या मुलीच्या घरच्यांच्या हाती दहा वर्षांनंतर काय राहिलं? ना फाशी, ना जन्मठेप.

याच्या उलटंही घडतं, आणि ते महाराष्ट्रातच घडलं आहे. 2003 च्या एका दरोडा, बलात्कार आणि हत्याकांडात भटक्या जमातीतल्या सहा जणांना सर्वोच्च न्यायालयाने 2009 मध्ये फाशी सुनावली. त्याच न्यायालयाने मार्च 2019 मध्ये सहाही जणांना निर्दोष ठरवलं. घटनेतून वाचलेल्या साक्षीदार महिलेने पोलिसांच्या फोटोंमधून सुरुवातीला भलत्याच चौघांना ओळखलं होतं, आणि त्यांचा तपासच झाला नव्हता. सहाही जणांना प्रत्येकी 5 लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. दरम्यान फाशीची अंमलबजावणी झाली असती, तर खरे गुन्हेगार मोकळे असताना सहा निरपराध माणसं मेली असती आणि आपण त्यालाच न्याय म्हटलं असतं.

‘मग क्रूर गुन्हेगाराला चौदा वर्षांत सोडायचं का?’ हा प्रश्न रास्त आहे. सोडायची गरज नाही. 2008 च्या श्रद्धानंद निकालापासून सर्वोच्च न्यायालय 20, 30 वर्षं किंवा उरलेलं सगळं आयुष्य, शिक्षेत सूट न देता तुरुंगात ठेवण्याचा आदेश देतं, आणि 2015 मध्ये घटनापीठाने त्यावर शिक्कामोर्तब केलं. खुनाच्या खटल्यात हा आदेश उच्च किंवा सर्वोच्च न्यायालयच देऊ शकतं, आणि राष्ट्रपती व राज्यपालांचा माफीचा अधिकार त्यानेही जात नाही. पण वॉरंट निघणं, रद्द होणं, पुन्हा तारीख पडणं, हे फेरे तरी कुटुंबाच्या मागे राहत नाहीत.

बाल लैंगिक अत्याचारात फाशीची एक वेगळीच अडचण आहे. गुन्हेगार बहुतेक वेळा ओळखीचा, पुष्कळदा घरातलाच असतो. ‘काका फासावर जाईल’ या भीतीने घरचेच तक्रार दाबतात.

तुमच्या ओळखीचं कुटुंब यातून जात असेल तर शिक्षा काय होईल याआधी तपासाकडे लक्ष द्या. तपासाची प्रगती पोलिसांनी 90 दिवसांत फिर्यादी किंवा पीडिताला कळवणं नव्या संहितेच्या कलम 193 प्रमाणे बंधनकारक आहे. त्या वेळी नमुने कधी घेतले, प्रयोगशाळेत कधी पोहोचले, हे लेखी विचारा. स्वतःचा वकील लावला तर आरोपपत्राची प्रत मिळते, आणि जामिनाच्या सुनावणीतही म्हणणं मांडता येतं. शिक्षा कमी वाटली तर ती वाढवून मागायचं अपील सरकारलाच करता येतं, कुटुंबाला नाही. ते सुटकेविरुद्ध किंवा अपुऱ्या भरपाईविरुद्ध अपील करू शकतं. कलम 396 खालची भरपाई निकालापर्यंत अडकत नाही. आरोपी सापडला नाही, तरीही जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाकडे अर्ज करता येतो आणि उपचारांसाठी अंतरिम मदत लगेच मागता येते.