घोट्याचा कानोसा : कलम बसतं कसं आणि उचलतं का?

प्रश्न : माझी मुलगी २४ वर्षांची आहे. दोन वर्षांपूर्वी बॅडमिंटन खेळताना तिचा उजवा घोटा मुरगळला. सूज उतरली, पण चालताना आत खोलवर दुखणं गेलं नाही. एमआरआयमध्ये टॅलसच्या (नडगीखालच्या, घोट्यातल्या हाडाच्या) वरच्या पृष्ठभागावर, आतल्या कडेला १४ मिलिमीटरचा खड्डा दिसला आणि त्याखाली हाडात पाण्याची गाठ. दुर्बिणीतून ती जागा साफ करून हाडाला बारीक छिद्रं पाडली. आठ महिने बरं वाटलं, मग पुन्हा तेच. आता डॉक्टर गुडघ्यातून कूर्चेचा (हाडाच्या टोकावरच्या गुळगुळीत आवरणाचा) तुकडा काढून त्याचं कलम घोट्यात बसवायचं म्हणतात. त्यासाठी घोट्याचं आतलं हाडही कापावं लागेल. एक जागा दुरुस्त करायला दोन चांगल्या जागा दुखवायच्या, हे मला पटत नाही. आणि कलम घट्ट ठोकून बसवतात, तर सहा आठवडे पाय का टेकवायचा नाही?

उत्तर : ताई, हे प्रश्न तुम्ही शस्त्रक्रियेच्या आधी विचारलेत, याचं मला फार बरं वाटलं. बहुतेक लोक ते नंतर विचारतात.

घोट्यातली कूर्चा जेमतेम एक ते दीड मिलिमीटर जाड असते. गुडघ्याच्या वाटीमागे ती पाच-सहा मिलिमीटरपर्यंत असते. भार पेलणारं क्षेत्रफळ घोट्यात गुडघ्याच्या साधारण एक तृतीयांश, आणि चालताना टाच उचलण्याच्या क्षणी सांध्यावर शरीराच्या वजनाच्या सुमारे पाचपट जोर येतो. एवढं असूनही घोटा गुडघ्यासारखा सहज झिजत नाही, कारण त्याची जुळणी. नडगीचं हाड आणि फिब्युला, म्हणजे त्याच्या बाहेरच्या बाजूचं बारीक हाड, मिळून जी खोबण होते तिच्यात टॅलस इतका नेमका बसतो की भार सगळीकडे पसरतो. १९७६ साली रॅमसे आणि हॅमिल्टन या संशोधकांनी प्रयोगशाळेत टॅलस फक्त एक मिलिमीटर बाहेर सरकवून पाहिला, तर दोन पृष्ठभाग टेकण्याचं क्षेत्रफळ ४२ टक्क्यांनी घटलं. हा आकडा मी प्रत्येक शिकाऊ डॉक्टरला पाठ करायला लावतो.

आता गाठीबद्दल. कूर्चेचा बहुतांश भाग पाणी असतो. पाऊल टेकलं की हे पाणी आत कोंडतं आणि बहुतेक भार तेच उचलतं, तंतूंच्या जाळ्यावर थोडाच येतो. मुरगळताना कूर्चेबरोबर तिच्याखालचं हाडाचं पातळ पटलही तडकलं, तर कोंडलेल्या पाण्याला वाट मिळते. मग प्रत्येक पावलाला ते दाबाखाली त्या फटीतून हाडात शिरतं, हाड हळूहळू विरतं आणि गाठ तयार होते. कूर्चेला मज्जातंतू नसतात, हाडाला असतात. तुमच्या मुलीला जे खोलवर दुखतं ते हाडाचं दुखणं आहे. म्हणून मी कूर्चेइतकंच, खरं तर थोडं जास्तच, खालच्या हाडाकडे पाहतो.

छिद्रं पाडली तेव्हा हाडातलं रक्त वर आलं आणि खड्ड्यात व्रणासारखी तंतुमय कूर्चा भरली. खड्डा दहा मिलिमीटरच्या आतला असेल तर आजूबाजूची चांगली कूर्चा त्या भरावाला आडोसा देते आणि काम बहुधा भागतं. चौदा मिलिमीटर आणि खाली पोकळी, इथे आडोसा पुरत नाही. त्यामुळे हाड आणि कूर्चा एकसंध असलेली खुंटी बसवण्याचा तुमच्या डॉक्टरांचा सल्ला मला योग्य वाटतो. ती पोकळी भरते आणि पृष्ठभागही देते.

हाड का कापायचं? खुंटी पृष्ठभागाला काटकोनात शिरली तरच तिचं डोकं सपाट बसतं. तिरकी शिरली की एक कड वर राहते, दुसरी खाली. आतल्या कडेच्या खड्ड्यापर्यंत काटकोनात पोचायचं, तर वाटेत आतल्या घोट्याचा उंचवटा येतो. तो कापून बाजूला करावा लागतो. कापण्याआधीच त्यात स्क्रूची छिद्रं पाडून ठेवतात, म्हणजे परत बसवताना तो आपल्या मूळ जागी येतो. हाडाला रक्तपुरवठा असतो, ते साधारण सहा ते आठ आठवड्यांत जुळतं. कूर्चेला तो नसतो. एकदा नष्ट झालेली कूर्चा भरून येत नाही, हे शरीररचनातज्ज्ञ विल्यम हंटर यांनी १७४३ मध्येच लिहून ठेवलं आहे. जे जुळून येतं ते कापून, जे कधीच जुळत नाही ते नेमकं बसवायचं, असा हा सौदा आहे.

गुडघ्याचं तुमचं म्हणणं मात्र अर्धं खरं आहे. खुंटी ज्या कडेवरून काढतात तिथे भार कमी येतो, तरी काही रुग्णांचा गुडघा नंतर बराच काळ कुरकुरतो. हे आधीच सांगायला हवं. शिवाय गुडघ्याची कूर्चा जाड आणि थोडी मऊ असते, घोट्याची पातळ आणि ताठ. वरचे पृष्ठभाग समपातळीत आले तरी खाली हाडाची पातळी पायरीसारखी खाली-वर राहते. हुबेहूब जोड मिळत नाही. खुंटी काढताना वळण जुळेल अशी जागा निवडावी लागते, कारण टॅलसची कड सपाट नसून खांद्यासारखी वळलेली असते.

आणि उंची. खुंटी अर्धा मिलिमीटर वर राहिली तर सगळा दाब तिच्या डोक्यावर येतो, आणि समोरची चांगली कूर्चाही घासली जाते. किंचित खाली राहिली तर त्या मानाने निभावतं. माझ्या सुरुवातीच्या वर्षांतली एक खुंटी मला अजून डोळ्यांसमोर दिसते. नजरेला ती सपाट वाटली होती. दीड वर्षाने स्क्रू काढताना दुर्बीण आत घातली, तर बरोबर तिच्यासमोर नडगीच्या कूर्चेवर ओरखड्यांचा पट्टा उमटलेला होता. तेव्हापासून मी डोळ्यांवर विसंबत नाही. बोथट सळई चारही कडांवरून फिरवतो. ती कुठेही अडखळली तर खुंटी पुन्हा बसवतो, मग कितीही वेळ लागो. जोराने ठोकतही नाही, कारण जोराच्या आघाताने कूर्चेतल्या पेशी मरतात. हलक्या हाताने, थोडं थोडं आत सारतो.

आता तुम्हाला कळेल की पाय का टेकवायचा नाही. खुंटी पहिल्या दिवशी केवळ घर्षणाने धरलेली असते. पुढच्या आठवड्यांत तिच्या भोवतीचं हाड आधी मऊ पडतं, मग नव्याने भरतं. नेमक्या त्या काळात भार आला तर ती खाली खचते आणि इतक्या कष्टाने साधलेली पातळी जाते. घोटा हलवायचा मात्र आहेच, डॉक्टर सांगतील त्या दिवसापासून, भार न देता. कूर्चा सांध्यातल्या द्रवावर जगते आणि हालचालीने तो द्रव आत-बाहेर होतो.

एक गोष्ट तुम्ही विचारली नाहीत, पण माझ्या मते तीच सर्वांत आधी पाहायला हवी. मुलीचा उभ्याने एक्स-रे काढला आहे का? टाच आतल्या बाजूला कललेली असेल तर भार पुन्हा त्याच आतल्या कडेवर पडत राहील. आणि मुरगळताना ताणलेले बाहेरचे लिगामेंट, म्हणजे हाडांना बांधून ठेवणारे पट्टे, सैल राहिले असतील तर टॅलस खोबणीत घसरत राहील. एक मिलिमीटरचा हिशेब वर सांगितलाच आहे. टाचेचा कल आणि सैल लिगामेंट त्याच शस्त्रक्रियेत दुरुस्त करता येतात. यांचं काय ठरवलं आहे हे डॉक्टरांना विचारा, आणि त्याचं उत्तर मिळाल्याशिवाय तारीख घेऊ नका.

प्रश्न : वय ६१. जुन्या फ्रॅक्चरनंतर घोट्याच्या दोन्ही बाजूंची कूर्चा झिजली आहे. मलाही कलम करता येईल का?

उत्तर : नाही, काका. कलमाला सभोवती निरोगी कड लागते आणि समोर निरोगी पृष्ठभाग. झिजलेल्या हाडासमोर नवी कूर्चा ठेवली तर तीही घासून जाईल. तुमच्यासाठी सांधा जखडणं किंवा कृत्रिम सांधा, हे दोन मार्ग आहेत. जखडलेल्या घोट्याने दुखणं जातं, पण शेजारच्या सांध्यांवर भार वाढतो. कृत्रिम सांध्यात हालचाल राहते, पण तो पुढे झिजू शकतो. तुमचं रोजचं चालणं किती आणि कशा जमिनीवर, हे सविस्तर कळवा.

प्रश्न : कलमाला पाच महिने झाले. सायकल चालवते, त्रास नाही. धावायला लागू का?

उत्तर : सायकल चालू ठेवा, तिच्यात हालचाल भरपूर आणि भार कमी. धावण्याआधी सीटी स्कॅन करून खुंटीचं हाड भोवतालच्या हाडाशी जुळलं आहे का ते पाहा. त्रास होत नाही, एवढ्यावर ठरवू नका. खुंटी पूर्ण जुळण्याच्या आधीच दुखणं थांबतं.